वासिलोपिता आणि १९२३ ची अदलाबदल

वासिलोपिता म्हणजे ग्रीक घरांत नव्या वर्षाला कापतात तो, आत नाणं दडवलेला केक (ग्रीकमध्ये ‘पिता’ म्हणजे असा भाजलेला पदार्थ). त्यात नाणं का घालतात, याची कथा ग्रीसमधली शाळकरी पोरंही सांगतील. चौथ्या शतकात आता तुर्कस्तानात असलेल्या कॅपाडोशिया प्रदेशातल्या कैसरिया शहरावर जबर वसुली आली. तिथले बिशप, पुढे संत मानले गेलेले वासिलियोस यांनी लोकांकडून दागिने गोळा केले. पुढे वसुली टळली, पण कुणाचा ऐवज कुठला ते कळेना. मग तो पावांत भरून वाटला, आणि ज्याचं त्याला मिळालं. कथा गोड आहे, इतकंच. सॅटर्नेलिया या प्राचीन रोमन सणात नशिबाने एखाद्याला उत्सवापुरता राजा करत, त्या चालीशी या नाण्याचं नातं जोडणारेही बरेच आहेत.

आजच्या केकसाठी मात्र १९२३ हे वर्ष जास्त महत्त्वाचं. त्या वर्षी ३० जानेवारीला स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. कोण कुठला, हे धर्मावरून ठरलं; भाषा कुणी विचारली नाही. कॅपाडोशियातले कितीतरी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती घरात तुर्कीच बोलायचे आणि तीच ग्रीक लिपीत लिहायचे. त्यांना ग्रीसला धाडलं. क्रीटमधले ग्रीक बोलणारे मुसलमान उलट दिशेला गेले. ग्रीसमध्ये सुमारे १२ लाख माणसं आली. त्यांतली बहुतेक आदल्या वर्षीच्या ग्रीस-तुर्कस्तान युद्धात जीव घेऊन पळालेली होती. परतीची वाट कराराने बंद केली. पुढचा रक्तपात टळला, असं कराराचे समर्थक म्हणतात. टळलाही असेल, पण ज्यांची घरं गेली त्यांचं मत कुणी घेतलं नव्हतं. ज्या कैसरियाच्या नावाने आजही ३१ डिसेंबरला पोरं दारोदार गाणी म्हणत फिरतात, ते आता तुर्कस्तानातलं कायसेरी. संताचे भक्त तिथून उठले ते याच करारामुळे.

ग्रीसमधल्या एपिरस, थेसली, मॅसेडोनिया या भागांत नव्या वर्षाची पिता खारी असायची: पातळ पाऱ्यांच्या थरांत चीज, लीक (कांद्याच्या जातीची भाजी) किंवा मांस. नाण्यासोबत काडी, द्राक्षवेलीचा तुकडा असंही काही पुरत. वेल ज्याच्या वाट्याला येई, त्याच्याकडे मळ्याचं भाग्य. स्मिर्ना (आजचं इझमीर) आणि कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) इकडच्या ग्रीक घरांतली पिता गोड, लोणी-अंड्यांची, महलेब (रानटी चेरीच्या बियांचा मसाला) आणि मस्तिहाच्या (एका झाडाचा सुगंधी डिंक) वासाची. शहरांत गोड प्रकार रुळला त्यात निर्वासितांचा वाटा मोठा आहे. बेकिंग पावडर, संत्र्याची किसलेली साल, वर पिठीसाखर आणि बदामांनी मांडलेला सालाचा आकडा, हा अवतार त्यामानाने अलीकडचा.

कापण्याची रीत सगळीकडे जवळपास सारखीच. घरातला कर्ता सुरीने वर क्रूस काढतो. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, मग मरियेचा, संताचा, घराचा, बऱ्याच ठिकाणी गरिबाचाही. त्यानंतर वयाने थोर असलेल्यापासून धाकट्यापर्यंत. परगावी असलेल्याचा तुकडाही निघतो. सुरी नेमकी नाण्यावर बसली की वाद ठरलेला, आणि मग नाण्याचा जास्त भाग कुणाकडे ते बघतात.

पूर्वी सधन घरात सोन्याचा पौंड असे. आता फॉइलमध्ये गुंडाळलेलं साधं नाणंही चालतं. मंत्रालयं, पक्ष, फुटबॉल क्लब, परदेशातली ग्रीक मंडळं, सगळ्यांची आपापली पिता असते. हे समारंभ फेब्रुवारीतही चालू असतात, आणि पुढाऱ्यांची भाषणं होतात ती पिता कापण्याआधी.