“माले काहीच व्हत नही, मंग गोयी कसाले?”

चोपडा असो की साक्री, आरोग्य शिबिरात दंडावरचा पट्टा सुटला आणि डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा सांगितला, की जुन्या माणसांचं उत्तर ठरलेलं असतं: “माले काहीच व्हत नही, मंग गोयी कसाले?” मला काहीच होत नाही, मग गोळी कशाला, असं त्यांचं म्हणणं. शिबिरातली पोरं यावर हसतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. साठ वर्षांपूर्वीपर्यंत जगातले बरेच नामवंत डॉक्टरही हाच प्रश्न विचारत होते आणि त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं.

दाब मोजायची खटपट फार जुनी. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकाने एका घोडीला आडवं बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी खुपसली आणि तिला उंच काचनळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच चढलं. १७३३ साली हा प्रयोग छापून आला. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडीचे दात, चाल आणि भोवरे बघणाऱ्यांना ही परीक्षा रुचायची नाही; माणसावर तर ती करणं शक्यच नव्हतं. माणसासाठी सोय झाली १८९६ मध्ये. इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी सायकलच्या ट्यूबचा पट्टा दंडाला बांधला, हवा भरली आणि नाडी कुठे थांबते ते पाऱ्यावर पाहिलं. त्यातून फक्त वरचा आकडा कळायचा. १९०५ मध्ये कोरोत्कोव्ह या रशियन लष्करी शल्यविशारदाने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावला. ठकठक सुरू होते तो वरचा आकडा, बंद होते तो खालचा. त्यांचं टिपण पानभरही नव्हतं.

आकडा मिळाला, पण त्याचं करायचं काय? वयाबरोबर धमन्या कडक होतात, त्यातून रक्त ढकलायला दाब वाढायलाच हवा, तो कमी केला तर मेंदूला आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पडेल, असा तेव्हाचा समज होता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब १९४४ मध्येच १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा तो ३००/१९० नोंदवला गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाजवळही धड औषध नव्हतं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्री-पुरुषांना वर्षानुवर्षं तपासत राहायचं काम सुरू झालं. कसलाही त्रास नसलेल्या माणसाचा वाढलेला दाबही पुढे हृदयविकार आणि लकवा ओढवून आणतो, हे त्या नोंदींनी दाखवलं. पण दाब उतरवला तर धोका उतरतो का, हे नुसत्या नोंदींतून सिद्ध होणार नव्हतं. त्यासाठी औषध हवं होतं.

ते आपल्याकडच्या मुळीतून आलं, आणि ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असायला हवी होती असं मला वाटतं. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर, झोपेसाठी आणि साप चावल्यावर देत. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी त्यातली द्रव्यं वेगळी केली आणि हकीम अजमल खान यांच्या नावावरून एकाला अजमलीन म्हटलं. त्याच वर्षी कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने दाब उतरतो हे लिहिलं. बाहेर कुणी दखल घेतली नाही. ती घेतली गेली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. १९४९ मध्ये त्यांनी ५० रुग्णांचा अनुभव ब्रिटनमधल्या हृदयविषयक नियतकालिकात मांडला. तो वाचून बोस्टनला गोळ्या मागवल्या गेल्या. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य, रिसर्पीन, वेगळं काढलं. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मुळीला एवढी मागणी आली की जंगलं उकरली गेली. आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

शिबिरातल्या प्रश्नाचं पहिलं पक्कं उत्तर १९६७ चं. अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांनी खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ माजी सैनिक निवडले. निम्म्यांना तीन औषधं दिली, त्यांतलं एक रिसर्पीन. उरलेल्यांना दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या. कुणाला कोणती गोळी मिळते, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरलाही. बिनऔषधाच्या गटात २७ जणांना गंभीर दुखणी झाली, औषधाच्या गटात दोघांना.

“वय झालं, बीपी वाढणारच,” हे आप्पा-आजींचं दुसरं उत्तर. वरचा आकडा म्हणजे शंभर अधिक वय, हा हिशोब डॉक्टरही करत. त्यावरची चाचणी यायला १९९१ उजाडलं. साठीपुढचे ४,७३६ लोक, ज्यांचा फक्त वरचा आकडा १६० च्या पुढे होता. गोळी घेणाऱ्यांत लकवा ३६ टक्क्यांनी कमी झाला. पहिली गोळी लघवी वाढवणारी होती. ती पुरली नाही तर दुसरी, आणि ती ज्यांना सोसत नसे त्यांच्यासाठी पुन्हा रिसर्पीन.

आता दुकानात रिसर्पीन सहसा दिसत नाही. नाक चोंदणं, मन खचणं असे त्रास त्याने व्हायचे. जळगाव-धुळ्याकडच्या घरांत आज कोनाड्यात अ‍ॅम्लोडिपीन किंवा टेल्मिसार्टन या दाबाच्या गोळ्यांची पाकिटं असतात, बऱ्याचदा अर्धीच संपलेली.