मशीन टूल्समधले आट्यांचे प्रकार
मशीनवर आटे दोन कामांना लागतात. एक म्हणजे पार्ट आवळून धरायला आणि दुसरं म्हणजे स्क्रू फिरवून टेबल, स्लाइड नाहीतर वाइसचा जबडा पुढे-मागे सरकवायला, आणि आट्याचा आकार कसा असणार ते यावरच ठरतं.

आवळायचं काम व्ही आट्याचं. बाजू जास्त तिरक्या असल्यामुळे घर्षण जास्त, त्यामुळे बोल्ट सहजासहजी सुटत नाही. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये 55 अंशाचा (म्हणजे आट्याच्या दोन बाजूंमधला कोन 55 अंश) आटा मांडला, अमेरिकेत विल्यम सेलर्सने 1864 मध्ये 60 अंशाचा, आणि आजचा मेट्रिक आटाही 60 अंशाचाच आहे. एम10 चा, म्हणजे 10 मिमी व्यासाच्या मेट्रिक आट्याचा, नेहमीचा पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) 1.5 मिमी, फाइनमध्ये 1.25 किंवा 1. खरा घोळ अर्ध्या इंचाच्या बोल्टला होतो, कारण व्हिटवर्थमध्ये इंचाला 12 आटे आणि यूएनसीमध्ये (अमेरिकेचा जाड आटा) 13, त्यामुळे नट थोडा चढतो आणि मग अडकतो, तिथे पाना लावून जोर केला की आटे गेलेच. आधी पिच गेज लावून बघा, एवढंच.

सरकवायच्या कामात साध्या आट्यांपैकी चौकोनी आट्याला घर्षण सगळ्यात कमी, पण तो पाडायला कटकटीचा आणि झिजल्यावर प्ले (नट आणि स्क्रूमधला ढिलेपणा) काढता येत नाही. म्हणून 29 अंशाचा अ‍ॅक्मे आणि मेट्रिकमध्ये 30 अंशाचा ट्रॅपेझॉइडल आला. (एका अंशाचाच फरक दिसला तरी एकाचा नट दुसऱ्याला चालवू नये, पिचही एकाचा इंचात तर दुसऱ्याचा मिमीत.) लेथच्या लीड स्क्रूवर (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) हाच आटा का, ते हाफ नट बघितला की लगेच कळतं: लिव्हर दाबला की नटाचे दोन अर्धे भाग फिरत्या स्क्रूवर मिटतात, बाजू तिरक्या म्हणून घसरत नीट खाचेत बसतात, चौकोनी असता तर कडेवर कडा आपटली असती. शिवाय झीज झाली तरी हाफ नट अजून थोडा आत जाऊन प्ले भरून काढतो.

इंची लीड स्क्रूवर अचूक मेट्रिक आटे पाडायचे तर 127 दातांचा गिअर लावतात कारण 5 इंच म्हणजे बरोबर 127 मिमी, आणि मग आटे पूर्ण होईपर्यंत हाफ नट उघडायचा नाही, मशीन उलटं फिरवूनच टूल मागे आणायचं.

बट्रेस आटा एकाच दिशेने भार येतो तिथे, मेट्रिकमध्ये भाराची बाजू 3 अंश आणि पाठीमागची 30.

सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणारं मशीन) बॉल स्क्रू, त्यात नट आणि स्क्रूमध्ये गोळ्या फिरतात, कार्यक्षमता साधारण 90 टक्के, आणि प्रीलोड (गोळ्यांवर आधीच दिलेला दाब) दिला की प्ले जवळजवळ नाहीच, म्हणून त्यावर क्लाइंब मिलिंग, म्हणजे कापताना कटरचे दात ज्या दिशेने जातात त्याच दिशेने टेबल सरकवणं, बिनधास्त करता येतं. साध्या झिजलेल्या अ‍ॅक्मे स्क्रूवर तेच केलं तर कटर टेबलला एकदम ओढून घेतो आणि दात तुटतात. पण बॉल स्क्रू इतका हलका फिरतो की वजनाने आपोआप उलटा फिरू शकतो, म्हणून उभ्या अक्षाला ब्रेक किंवा काउंटरवेट द्यावंच लागतं, नाहीतर वीज गेली की हेड खाली येतं.