एमपीफोर ही एमपीथ्रीची पुढची आवृत्ती नाही

टूजीनंतर थ्रीजी आलं, थ्रीजीनंतर फोरजी, तसंच एमपीथ्रीनंतर एमपीफोर. हा हिशेब मी दुकानदारांकडून ऐकलाय, नातेवाइकांकडून ऐकलाय आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांकडूनही ऐकलाय. त्याचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "मग एमपीफोरची क्वालिटी जास्त असणार ना?" नाही. हा प्रश्नच लागू होत नाही.

आकड्यांचं आधी उरकून टाकू, कारण ते क्षुल्लक आहे. एमपेग ही प्रमाणकं ठरवणारी समिती १९८८ साली स्थापन झाली. तिचं पहिलं प्रमाणक, एमपेग-१, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात आवाज दाबून लहान करायच्या तीन पद्धती होत्या: लेयर वन, लेयर टू, लेयर थ्री. आपण घरोघरी बघितलेल्या व्हीसीडींमधला आवाज लेयर टूचा. लेयर थ्री म्हणजे एमपीथ्री. 'एमपेग-३' बाहेर आलंच नाही. एचडी टीव्हीसाठी त्याचं काम सुरू झालं होतं, ते एमपेग-२ मध्येच सामावून घेतलं गेलं. एमपीफोरमधला चार मात्र खरोखर एमपेग-४ चा, आणि त्यातही त्याच्या चौदाव्या भागाचा, जो २००३ साली आला. एकीकडे पद्धतीचा क्रमांक, दुसरीकडे अख्ख्या प्रमाणकाचा. तीन आणि चार हे एका ओळीत उभेच नाहीत.

एमपीथ्री तुम्हाला माहीत आहे, त्यावर फार शाई घालवत नाही. कानाला जे ऐकू येणार नाही ते गाळायचं आणि उरलेलं दाबून बसवायचं. १२८ केबीपीएसला (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट, यालाच बिटरेट म्हणतात) मिनिटामागे साधारण एक एमबी. १९९८ मध्ये आलेल्या डायमंड रिओमध्ये ३२ एमबी मेमरी होती, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी, आणि तरी लोक खूश होते. २०१७ मध्ये एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रम बंद झाला, पेटंटांचा जाच संपला. एवढं पुरे.

आता खरा मुद्दा. एमपीथ्री ही आवाज साठवायची पद्धत आहे. एमपीफोर ही साठवायची पद्धत नाहीच, तो डबा आहे. डब्यावर 'डबा' लिहिलंय म्हणून आत पोळीभाजी आहे की साबुदाण्याची खिचडी हे कळत नाही, तसंच फाइलच्या नावापुढे एमपीफोर लिहिलंय एवढ्यावरून आत काय आहे हे कळत नाही. आत चित्र दाबायची पद्धत, म्हणजे कोडेक, एच-२६४ असेल, त्यानंतरचा एचईव्हीसी असेल, जुना एमपेग-४ पार्ट टू असेल. आवाज बहुतेक वेळा एएसी या पद्धतीचा असतो, पण डॉल्बीचा एसी-थ्री असू शकतो. आणि गंमत म्हणजे चक्क एमपीथ्रीही असू शकतो. हो, एमपीफोर फाइलच्या पोटात एमपीथ्री आवाज ठेवता येतो, आणि ते प्रमाणकाला धरूनच आहे. आता सांगा, यातलं पुढचं कोण आणि मागचं कोण?

आमच्या सोसायटीतल्या एका काकांची तक्रार घ्या. नातीच्या बारशाचा व्हिडिओ फोनवरून पेन ड्राइव्हवर घेतला आणि टीव्हीला लावला. आवाज आला, चित्र नाही. "अरे, टीव्हीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय एमपीफोर चालतो म्हणून!" लिहिलं होतंच. टीव्ही खोटं बोलत नव्हता, फक्त अर्धंच बोलत होता. मी फाइल मीडियाइन्फो नावाच्या फुकटच्या प्रोग्रॅममध्ये उघडून दाखवली. त्यात तीन कप्पे दिसतात. 'जनरल'खाली लिहिलेलं: फॉरमॅट एमपेग-४. हा डबा. 'व्हिडिओ'खाली: फॉरमॅट एचईव्हीसी. 'ऑडिओ'खाली: फॉरमॅट एएसी. टीव्हीला डबा उघडता आला, एएसी ओळखता आलं, एचईव्हीसी मात्र त्याच्या जन्मानंतरचं. म्हणून आवाज येतोय आणि पडदा काळा. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच-२६४ निवडलं आणि पुढच्या क्लिपा सरळ चालल्या. फाइलच्या नावापुढचं शेपूट आधीही एमपीफोर होतं, नंतरही एमपीफोरच.

चित्र दिसतंय पण आवाज गायब, हा उलटा प्रकारही याच घरातला. तेव्हा लोक स्पीकर तपासतात, एचडीएमआय केबल बदलतात. आधी मीडियाइन्फो बघा हो. माझ्या मते विंडोज बसवल्यावर ब्राउझरनंतर लगेच बसवायची गोष्ट ती आहे.

कोडेक ओळखला म्हणजेही संपलं असं नाही, आत आणखी एक पातळी आहे. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिडिओ चालवणारा पहिला आयपॉड आला. एमपीफोर डबा चालायचा, एच-२६४ चालायचं. पण फक्त बेसलाइन प्रोफाइल, म्हणजे एच-२६४ चा साधा प्रकार, आणि सुरुवातीला चित्र ३२० बाय २४० पर्यंत आणि ७६८ केबीपीएसपर्यंतच. त्याहून गुंतागुंतीचं एच-२६४ दिलं की ॲपलचं आयट्यून्स फाइल आयपॉडवर घ्यायलाच नकार द्यायचं. ज्यांना डबा आणि कोडेक यांतला फरक कळलेला, तेही इथे अडकायचे. हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्ट करायच्या प्रोग्रॅममध्ये आयपॉडसाठी तयार प्रीसेट होते ते याचसाठी, प्रोफाइल-लेव्हलचं गणित आपल्याला करायला लागू नये म्हणून.

पद्धत आणि डबा यांतला फरक मला सगळ्यात स्वच्छ दिसतो तो फाइल तुटते तेव्हा. एमपीथ्री फाइल म्हणजे छोट्या छोट्या फ्रेमांची रांग. प्रत्येक फ्रेममध्ये आवाजाचे ११५२ नमुने, म्हणजे सीडीच्या दराने सुमारे २६ मिलिसेकंद. १२८ केबीपीएसला एक फ्रेम ४१७ किंवा ४१८ बाइटची. प्रत्येकीच्या माथ्यावर चार बाइटचा मथळा, आणि त्यात बिटरेट, सॅम्पलिंग रेट (सेकंदाला किती नमुने) सगळं लिहिलेलं. म्हणून एमपीथ्री मधूनच तोडा, अर्धीच डाउनलोड करा, दोन फाइली एकीला एक चिकटवा. प्लेअर पुढचा मथळा शोधतो आणि वाजवायला लागतो. फार तर सांध्यावर एक टिचकी ऐकू येते. इंटरनेट रेडिओला एमपीथ्री इतकं मानवलं ते त्यामुळेच: श्रोता कुठल्याही क्षणी मधेच आला तरी चालतं.

एमपीफोरमध्ये तसं नाही. फाइलचे मोठे कप्पे असतात. सुरुवातीला 'एफटाइप', म्हणजे मी कोण आहे. 'एमडॅट'मध्ये प्रत्यक्ष चित्र आणि आवाज. आणि 'मूव्ह' नावाच्या कप्प्यात अनुक्रमणिका: कुठला तुकडा फाइलमध्ये कितव्या बाइटवर, किती मोठा, कितव्या क्षणाला दाखवायचा. कॅमेरे हा मूव्ह कप्पा बहुधा रेकॉर्डिंग थांबवल्यावर, शेवटी लिहितात. म्हणून स्नेहसंमेलन चालू असताना कॅमेऱ्याची बॅटरी उपटली गेली की हाती दीड-दोन जीबीची फाइल येते, पण ती कशातच उघडत नाही. एफएफएमपेग हा व्हिडिओ-ऑडिओ हाताळायचा फुकटचा प्रोग्रॅम स्वच्छ इंग्रजीत सांगतो की मूव्ह अॅटम, म्हणजे मूव्ह कप्पा, सापडला नाही. सगळा कार्यक्रम आत आहे, पण कुठे काय आहे हे सांगणारं पानच नाही. यावर 'अनट्रंक' नावाचा प्रोग्रॅम आहे. त्याला त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने काढलेली एक धड फाइल द्यायची, तिच्या आधाराने तो अनुक्रमणिका नव्याने बांधायचा प्रयत्न करतो. खूपदा जमतं. तेव्हा अशी फाइल लगेच डिलीट करू नका.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर एमपीथ्रीचं उगाच कौतुक होईल. अनुक्रमणिका नसल्यामुळे गाणं एकूण किती मिनिटांचं हे एमपीथ्रीला धड सांगता येत नाही. प्लेअर फाइलचा आकार आणि पहिल्या फ्रेमचा बिटरेट यांवरून अंदाज बांधतो. बिटरेट बदलता असेल आणि सुरुवातीला झिंग हेडर (एकूण फ्रेमा किती ते सांगणारी नोंद) नसेल, तर पाच मिनिटांचं गाणं अकरा मिनिटांचं दिसतं आणि पुढे सरकवलं की भलतीकडेच जातं. जुने प्लेअर वापरलेल्यांना हे तोंडपाठ असेल.

हा घोळ आपल्याकडे इतका पक्का का झाला, त्याचं एक कारण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत विकलं गेलंय. २००५ नंतरच्या काही वर्षांत तिथे काउंटरवर चिनी 'एमपीफोर प्लेअर' ढिगाने असायचे. "साहेब, हा एमपीथ्रीच्या पुढचा. यात पिक्चर पण चालतो." चालायचा, पण एमपीफोर नव्हे! त्यातल्या कित्येकांत एएमव्ही नावाचा प्रकार चालायचा: एव्हीआय या जुन्या व्हिडिओ डब्याचं मोडतोड केलेलं रूप, चित्र म्हणजे जेपेग फोटोंची माळ, सेकंदाला फार तर सोळा-एक. सोबतच्या सीडीवर कन्व्हर्टर असायचा. त्यातून काढल्याशिवाय एकही व्हिडिओ दिसायचा नाही. खरी एमपीफोर फाइल दिली तर प्लेअर तिला ओळखतही नसे. पुढे त्याच काउंटरवर 'एमपीफाइव्ह प्लेअर'ही आले. असलं कुठलं प्रमाणक जगात नाही, पण चारनंतर पाच विकायला काय जातंय.

बाकीची शेपटं चुटकीसरशी. एमफोरए म्हणजे तोच एमपीफोर डबा, फक्त आवाज असलेला. एमफोरव्ही म्हणजे तोच, व्हिडिओचा. एमफोरबी ऑडिओबुकांसाठी. एवढं मात्र लक्षात असू द्या की एमफोरएच्या आतही एएसी असेल किंवा ॲपलचं लॉसलेस. पहिल्यात आवाज गाळलेला, दुसऱ्यात अख्खा, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

आणि एएसी ॲपलचं नाही, हे एकदाचं ऐका. ते १९९७ मध्ये एमपेग-२ चा भाग म्हणून आलं; फ्राउनहोफर, डॉल्बी, सोनी, एटी अँड टी यांचं काम. ॲपलने २००३ पासून आपल्या दुकानात गाणी एएसीमध्ये विकली आणि त्यावर स्वतःचं कुलूप घातलं, त्यामुळे ती दुसरीकडे वाजेनात. दोष कुलपाचा होता, नाव एएसीचं खराब झालं. सॅनसा क्लिप प्लस या छोट्या म्युझिक प्लेअरच्या मूळ फर्मवेअरमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) एएसी नव्हतं. त्यावर रॉकबॉक्स हे पर्यायी फर्मवेअर टाका, तोच प्लेअर, तीच चिप, एमफोरए निमूट वाजवतो. कमी बिटरेटला एएसी एमपीथ्रीपेक्षा चांगलं वाजतं, हे माझं ठाम मत आहे. १९२ च्या वर गेल्यावर कोणी दोघांत फरक ऐकू येतो म्हणालं, तर मी त्याला डोळे बांधून ऐकायला बसवतो.

आता ज्यावर माझं खरंच डोकं फिरतं ते. फाइलचं नाव बदलून शेपटाला एमपीफोरच्या जागी एमपीथ्री लिहायचं आणि म्हणायचं, कन्व्हर्ट केलं. आत एक बाइटही हललेला नसतो. व्हीएलसी प्लेअर आत डोकावून बघतो, म्हणून तो वाजवतो, आणि माणसाला वाटतं काम झालं. तीच फाइल कार स्टिरिओला दिली की तो हात वर करतो. वर विंडोज शेपटं मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे कोणी 'भजन डॉट एमपीथ्री डॉट एमपीफोर' असं करून ठेवलेलं दिसतही नाही. एक्सप्लोररमध्ये शेपटं दाखवायचं सेटिंग आजच चालू करा.

दुसरं टोक म्हणजे गरज नसताना कन्व्हर्ट करणं. एमकेव्ही (हाही एक डबाच) टीव्हीवर चालत नाही, पण आत एच-२६४ आणि एएसीच आहे, तर फक्त डबा बदलायचा. एफएफएमपेगला 'कॉपी' म्हणून सांगितलं की फाइल कॉपी करायला लागतो साधारण तेवढाच वेळ लागतो, आणि चित्राचा कणही बदलत नाही. लोक त्यासाठी रात्रभर लॅपटॉप तापवतात आणि वर चित्र थोडं खराब करून घेतात.

आवाजाचंही तेच. आत्याच्या भजनी मंडळाचा फोनवर काढलेला व्हिडिओ आहे, त्यातली फक्त भजनं गाडीत ऐकायचीत. स्टिरिओला एमफोरए कळत असेल तर आतला एएसी आवाज जसाच्या तसा काढून एमफोरएमध्ये ठेवा. बऱ्याच जुन्या स्टिरिओंना फक्त एमपीथ्री आणि मायक्रोसॉफ्टचं डब्ल्यूएमए कळतं. तिथे एमपीथ्री करावंच लागेल. एकदाच करा, मूळ फाइलवरून करा, लेम हा एमपीथ्री बनवणारा प्रोग्रॅम वापरून त्याची व्ही-टू ही बदलत्या बिटरेटची पातळी ठेवा. ३२० निवडू नका. फोनने १२८ ला गाळून टाकलेलं ३२० मध्ये परत येत नाही, फाइल फक्त अडीचपट फुगते. मूळ व्हिडिओ पुसू नका. आणि पेन ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या रचनेतच फॉरमॅट करा. जुन्या स्टिरिओंपैकी अनेकांना एक्सफॅट ही नवी रचना वाचताच येत नाही, आणि मग शिव्या पुन्हा फाइललाच बसतात.