सुरुवातीच्या वर्षांतल्या गोळ्या

‘शुगर नॉर्मल आली आहे, सध्या दहाच गोळ्या द्या,’ असे नौपाड्यातल्या औषधांच्या दुकानात महिनाभराची चिठ्ठी पुढे करत सांगणारे निवृत्त फौजी काका ठाणेकरांना अनोळखी नाहीत. साखर आटोक्यात आली ती बहुधा त्या गोळ्यांमुळेच, आणि त्या कमी केल्याचे परिणाम लगेच जाणवत नाहीत, हीच खरी अडचण आहे.

ब्रिटनमध्ये 1977 साली सुरू झालेल्या ‘यूकेपीडीएस’ या अभ्यासात मधुमेहाचे नुकतेच निदान झालेले 5,102 रुग्ण होते. काटेकोर उपचार घेणाऱ्यांचे एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे प्रमाण, 7.0 टक्के राहिले, तर इतरांचे 7.9. अभ्यास संपल्यावर वर्षभरातच दोन्ही गटांतला हा फरक नाहीसा झाला. तरीही पुढच्या दहा वर्षांच्या पाहणीत, सुरुवातीला मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध मिळालेल्या स्थूल रुग्णांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा धोका 33 टक्क्यांनी आणि मृत्यूचा धोका 27 टक्क्यांनी कमी आढळला.

याउलट अमेरिकेतल्या 1,791 माजी सैनिकांवरील अभ्यासात निदान होऊन सरासरी साडेअकरा वर्षे उलटली होती. तिथे एचबीएवनसी 8.4 ऐवजी 6.9 टक्क्यांवर आणूनही 2009 साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत हृदयविकाराच्या घटनांमध्ये ठोस घट दिसली नाही, आणि पंधरा वर्षांनंतरही टिकाऊ लाभ उरला नव्हता. हे सैनिक वयाने मोठे होते आणि त्यांच्यापैकी अनेकांना हृदयविकार आधीच जडला होता, त्यामुळे सारा फरक उशिराच्या खात्यावर टाकणे योग्य नाही. शिवाय हे दोन्ही अभ्यास साखरनियंत्रणाचे होते, गोळ्यांच्या नियमितपणाचे नव्हते. परंतु रक्तातल्या जादा साखरेमुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील प्रथिनांत होणारे काही बदल सहजासहजी मागे फिरत नाहीत, हे लक्षात घेतले तर सुरुवातीची वर्षे दवडणे मला फार महागाचे वाटते.

आपल्याकडे सैन्यातून तुलनेने लवकर निवृत्त झालेले अनेक जण ऐरोली-महापे भागात सुरक्षारक्षकाची रात्रपाळी करतात. जेवणाची वेळ बदलली की जेवणासोबतची गोळीही राहून जाते. पाळीचे वेळापत्रक डॉक्टरांना दाखवल्यास गोळीची वेळ त्यानुसार बसवता येते. मेटफॉर्मिनने पोट बिघडत असेल, तर ती परस्पर बंद न करता सावकाश विरघळणारा प्रकार चालेल का, हेही त्याच भेटीत विचारावे.