एकच नाव, दोन गेम : ‘अटॅक ऑन टायटन’ चाहत्याचा आणि कंपनीचा

‘अटॅक ऑन टायटन’ ही राक्षसांशी लढणाऱ्या सैनिकांची जपानी चित्रकथा, तिच्यावर एनिमे म्हणजे ॲनिमेशन मालिकाही आहे. कुणी म्हणालं, “मी ‘अटॅक ऑन टायटन’चा गेम खेळलोय,” की माझा पहिला प्रश्न असतो : कुठला? एक गेम फेंग ली या चाहत्याने बनवून २०१३ मध्ये फुकट खुला केला, त्याचं नाव ‘अटॅक ऑन टायटन ट्रिब्यूट गेम’. दुसरा कोएई टेक्मो या जपानी कंपनीचा. तो ओमेगा फोर्स या त्यांच्या चमूने बनवला, २०१६ मध्ये आला आणि तो विकत घ्यावा लागतो. व्हिडिओत दोन्हीकडे तेच दिसतं : कमरेला तारांचं यंत्र लावलेला सैनिक, घरांवरून झेपा आणि नागडे, हसरे राक्षस. त्यामुळे गोंधळ होतो. हातात घेतल्यावर मात्र पहिल्या मिनिटात फरक कळतो.

मूळ कथेचा नियम आधी सांगायला हवा. हाजिमे इसायामांच्या मांगात, म्हणजे मूळ चित्रकथेत, टायटनचा (त्या राक्षसाचा) हात तोडला, पाय तोडला, तरी तो पुन्हा उगवतो. मानगुटीवरचा जेमतेम एक मीटर लांब आणि दहा सेंटीमीटर रुंद तुकडा कापला तरच तो मरतो. तिथवर पोचण्यासाठी सैनिकांकडे ओडीएम गिअर असतं : दोन बाजूंना दोन हुक, पोलादी तारा आणि ढकलायला गॅस. दोन्ही गेमचा जीव या यंत्रात आहे.

ट्रिब्यूट गेममध्ये डावा हुक कीबोर्डच्या क्यूवर, उजवा ईवर, दोन्ही एकदम हवे तर स्पेसबार. हुक माउसने नेम धरू तिथेच जातो. भिंत हुकली तर हुकली, गेम सावरून घेत नाही. पारंबीला लोंबकळून झोका घेतलेल्या माणसाला हे लगेच समजेल. तिथे सगळी गंमत सोडण्याच्या क्षणात असते. लवकर सोडलं तर झोका अर्धाच राहतो, उशिरा सोडलं तर आलो तिकडेच परत. इथेही तेच. एक तार सोडताना दुसरी कुठे रोवायची हे आधीच ठरलेलं असावं लागतं. मानगुटीवर वार बसला की पडद्यावर आकडा उमटतो आणि तो तुमच्या वेगावर ठरतो. चार आकडी वार जमू लागला की हात बसला म्हणायचं. मधेच गॅस संपतो, पाती बोथट होतात, मग भरून घ्यायला ठरलेल्या ठिकाणी परतावं लागतं. गोष्ट अशी काहीच नाही. मिकासा, लेवाय किंवा साशा यांपैकी मालिकेतलं एक पात्र निवडायचं आणि उतरायचं. (साशाचं खास कौशल्य म्हणजे बटाटा खाऊन सुसाट धावणं. मालिका पाहिलेल्याला ते का, हे सांगावं लागणार नाही.) मल्टिप्लेअरमध्ये, म्हणजे इतरांसोबत ऑनलाइन खेळताना, तर स्वतः टायटन होऊनही खेळता यायचं.

कंपनीच्या गेममध्ये हुक कुठे रोवायचा हे बरंचसं गेमच पाहतो. तुम्ही बटण दाबता आणि सैनिक घरांमधून सरसर निघतो. टायटनजवळ गेल्यावर मानगूट, हात, पाय यांतला एक भाग निवडायचा, त्यात हुक रोवायचा, भोवती फिरून कोन साधायचा आणि तार ओढून घेत वार करायचा. वेग इथेही मोजला जातो, पण आपटून पडण्याची भीती फारशी नाही. त्या बदल्यात एनिमे मालिकेच्या पहिल्या सीझनची कथा मिळते, मालिकेतल्या जपानी कलाकारांच्या आवाजात. २०१८ चा दुसरा भाग आणखी पुढे जातो : त्यात स्वतःचा सैनिक घडवून कथेत शिरता येतं.

माझं मत विचाराल तर झोका ट्रिब्यूटचाच खरा. एनिमे सुरू झालं एप्रिल २०१३ मध्ये आणि त्याच वर्षी एका चाहत्याने त्या यंत्राचं वजन, ओढ आणि धोका थेट ब्राउझरमध्ये आणला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

ब्राउझरमधला तो मूळ अवतार मात्र आता चालत नाही. तो युनिटी वेब प्लेअर या ब्राउझरला जोडायच्या प्लगिनवर उभा होता आणि २०१५ मध्ये क्रोमने असे प्लगिन बंद केले. खेळणाऱ्यांनीच मग संगणकावर उतरवून घ्यायच्या आवृत्त्या आणि मॉड (गेममध्ये स्वतः केलेले बदल) यांच्या जोरावर गेम जिवंत ठेवला.

फुकट आहे म्हणजे हक्काचा प्रश्न मिटला, असंही नाही. पैसे न घेताही पात्रं आणि नाव दुसऱ्याचंच राहतं. निन्टेन्डोच्या ‘मेट्रॉइड २’ या गेमवरून चाहत्यांनी बनवलेला ‘एएमटूआर’ ऑगस्ट २०१६ मध्ये फुकटच आला होता, तरी निन्टेन्डोच्या आक्षेपानंतर लगेच उतरवावा लागला.

म्हणून ओळखायची खूण सोपी ठेवा. दुकानाच्या पानावर प्रकाशक म्हणून कोएई टेक्मो दिसत असेल आणि किंमत लिहिलेली असेल, तर तो कंपनीचा. ट्रिब्यूट गेमसाठी कुणी पैसे मागत असेल तर तिथून निघून या. आणि तो मिळालाच, तर सुरुवात शहराऐवजी जंगलाच्या नकाशात करा. टायटनकडे बघूही नका. उंच झाडांमध्ये नुसतं क्यू आणि ई करत, जमिनीला पाय न लावता या टोकापासून त्या टोकापर्यंत जा.