मध्यंतराची पंधरा मिनिटे: इंग्लंडच्या फुटबॉल मैदानांवरचे खाणे

इंग्लंडमध्ये फुटबॉल पाहायला जाणारा माणूस तिकिटाइतकाच मैदानावरच्या खाण्यावरही चिडतो. गारढोण मीट पाय, पाणचट चहा आणि बाहेरच्या दुकानापेक्षा चढे दर ही तक्रार जुनी आहे. तिची मुळे स्वयंपाक्याच्या हातात फारशी नाहीत. मैदाने कशी बांधली गेली, कोणासाठी बांधली गेली आणि त्यावर कोणते कायदे आले, त्यात ती सापडतात.

१८५० च्या कारखाना कायद्यामुळे ब्रिटनमधल्या कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला थांबू लागल्या. पुढे तीनचा सामना ही रीतच पडली ती या सुट्टीमुळे. गिरणीतून सुटलेला कामगार वाटेत एखादा ग्लास रिचवून थेट मैदानावर यायचा. १८९० मध्ये फुटबॉल लीगने प्रवेशाचा किमान दर सहा पेन्स ठरवून दिला. क्लबची कमाई दारावर व्हायची, त्यामुळे आतल्या खाण्यापिण्याकडे जोडधंदा म्हणूनच पाहिले गेले. उघड्या पायऱ्यांवर हजारो माणसे खेटून उभी, मागे एखाददुसरी टपरी, आणि त्या टपरीत चूल मांडायला जागा नाही.

अशा जागी टिकले ते दोन पदार्थ. पहिला मीट पाय, म्हणजे कणकेच्या घट्ट आवरणात खिमा भरून भाजलेला, तळहातावर मावणारा पदार्थ. ताट नको, काटा नको, एका हातात धरून खाता येतो. स्कॉटलंडमध्ये त्यात मटणाचा खिमा असतो आणि वरच्या झाकणाभोवती कड उंच ठेवलेली असते. तो बेकरीत भाजला जातो आणि मैदानावर नुसता गरम कपाटात ठेवला जातो. तिथे तासभर राहिला की तळ ओला होतो, कड चामट होते आणि मधला रस्सा जीभ पोळेल इतका तापलेला राहतो. पहिल्या घासाला तो मनगटावरून बाहीत उतरतो. खाणाऱ्याची तक्रार बहुधा या कपाटाबद्दलच असते, बेकरीबद्दल नसते. १९६३ मध्ये लेस्टरशायरमध्ये सुरू झालेल्या पुक्का पाइजसारख्या कंपन्यांनी पुढे हा पाय सगळीकडे एकसारखा करून टाकला.

दुसरा पदार्थ बोव्हरिल, गोमांसाचा दाट अर्क. जॉन लॉसन जॉन्स्टन या स्कॉटिश खाटकाला १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर फ्रेंच सैन्याला मांस पुरवायचे कंत्राट मिळाले होते, त्यातून बोव्हरिल घडले. बरणीतला चमचाभर अर्क आणि उकळते पाणी, एवढ्यावर काम भागते. जानेवारीच्या थंडीत उभ्या माणसाला त्याची ऊब खरी वाटते, आणि मला तरी त्यात कमी दर्जाचे काही दिसत नाही.

खरी गोची १९८५ मध्ये झाली. मैदानावरच्या हाणामाऱ्यांना आळा घालण्यासाठी त्या वर्षी जो कायदा आला, त्याने वरच्या श्रेणीच्या सामन्यांत मैदान नजरेत असताना दारू पिण्यास बंदी घातली. बिअर हवी तर स्टँडच्या पोटातल्या बोळात जाऊन तिथेच संपवायची. त्यामुळे पाय, चहा, बिअर, स्वच्छतागृह या सगळ्यांची गर्दी मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत एकवटली. रांगेत नंबर येईपर्यंत निवड करायला वेळ उरत नाही. जे समोर असेल ते, लागेल त्या दरात घ्यावे लागते. मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या दरावरून आपल्याकडे २०१८ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. अडकलेल्या गिऱ्हाइकाचे दुखणे तेच.

१९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत ९७ जणांचा जीव गेला. त्यानंतर १९९० मध्ये आलेल्या न्यायमूर्ती टेलर यांच्या अंतिम अहवालाने सगळ्यांना बसायला जागा देण्याचा आग्रह धरला, आणि मैदानांवरच्या मोडकळीला आलेल्या सोयींबद्दलही कठोर शब्द वापरले. खाण्याची दुरवस्था त्यात होती. प्रेक्षकाला गुरासारखे वागवले की तोही तसाच वागतो, हे कोणीतरी अधिकाराने म्हणायला हवेच होते.

मैदाने नवी झाली, पण चांगले अन्न आधी वरच्या मजल्यावर पोचले. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर खासगी बॉक्स १९६६ च्या विश्वचषकाच्या तयारीतच आले होते. प्रीमियर लीगच्या पैशाने त्यांचे पेव फुटले. नोव्हेंबर २००० मध्ये मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन आपल्याच मैदानावरच्या थंड प्रेक्षकांवर बरसला. चार घोट पिऊन कोळंबीचे सँडविच खाणाऱ्यांना खेळातले काही कळत नाही, असा त्याचा रोख होता. खालच्या स्टँडमधल्या माणसाच्या वाट्याला मात्र तोच गरम कपाटातला पाय होता.

दरांचे गणितही समजून घ्यायला हवे. प्रीमियर लीगच्या क्लबला हंगामात घरचे लीग सामने १९ मिळतात. तेवढ्या दिवसांसाठी टपऱ्या, यंत्रे, तात्पुरती माणसे उभी करायची आणि क्लबला वाटा द्यायचा, म्हणून कंत्राटदार एकेका पायात तो खर्च वसूल करतो. पण हे कारण पुरेसे नाही. अटलांटाचे मर्सिडीज-बेंझ स्टेडियम २०१७ मध्ये उघडले तेव्हा मालक आर्थर ब्लँक यांनी हॉट डॉग दोन डॉलरला आणि बिअर पाच डॉलरला ठेवली. दर निम्म्यावर आले आणि माणशी खर्च उलट वाढला.

इंग्लंडमध्येही जिथे मालकाने मनावर घेतले तिथे फरक पडला. पाककलेवरच्या पुस्तकांनी घराघरांत पोचलेल्या डीलिया स्मिथ १९९६ मध्ये नॉरिच सिटीच्या संचालक मंडळावर आल्या आणि क्लबचे खाणे त्यांनी स्वतः लक्ष घालून सुधारले. फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सचे डेल विन्स यांनी तर २०१५ पर्यंत सगळा मेन्यू व्हीगन केला. आता प्रेक्षकही गप्प बसत नाहीत. ‘फुटी स्क्रॅन’सारख्या समाजमाध्यमांवरच्या खात्यावर मैदानावरच्या खाण्याचा फोटो दरासह येतो आणि लोक कौल देतात.

मध्यंतराची कोंडी मात्र सुटलेली नाही. तेव्हाच्या खासदार ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने नोव्हेंबर २०२१ मध्ये खालच्या श्रेणीच्या क्लबांत दारूबंदी प्रायोगिक तत्त्वावर सैल करावी, असे सुचवले. लहान क्लबांचे बुडणारे उत्पन्न आणि मध्यंतरात घाईने पिण्याची सवय ही कारणे त्यांनी दिली. पुरुषांच्या वरच्या श्रेणींत १९८५ ची ती बंदी आजही लागू आहे.