पिवळी तार आणि लाल तार: दोन्हींत बारा व्होल्ट, काम मात्र वेगळे

नाशिकच्या एमएच-१५ पाटीच्या एखाद्या जुन्या मारुती ८०० मध्ये किंवा झेनमध्ये नवा स्टिरिओ बसवायला घेतला, की डॅशबोर्डमागून ओढून काढलेल्या तारांच्या गुंत्यात माणूस हमखास अडतो तो पिवळ्या आणि लाल तारेपाशी. काळी तार अर्थची, हे सहसा कोणाला सांगावे लागत नाही; स्पीकरच्या तारा जोडीजोडीने असतात, म्हणून त्याही ओळखता येतात. पिवळी आणि लाल या मात्र दोन्ही 'प्लस'च्या तारा आहेत, आणि चावी फिरवून व्होल्ट मोजायचा मीटर लावला तर त्या जिथे जोडायच्या त्या दोन्ही जागा सारखेच बारा व्होल्ट दाखवतात. मग दोन्ही एकत्र पिळून एकाच जागी जोडल्या तर काय बिघडले, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. आणि तसे जोडल्यावर सेट लगेच वाजूही लागतो, त्यामुळे चूक झाली आहे हे त्या दिवशी कळतच नाही.

या गोंधळाचे मूळ जुन्या गाडीतच आहे. काटा फिरवून स्टेशन लावायच्या साध्या रेडिओला आणि कॅसेट डेकला लक्षात ठेवण्यासारखे काही नव्हते. काटा जिथे सोडला तिथेच राहत असे. अशा सेटला प्लसची एकच तार पुरत असे, म्हणून कित्येक जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डमागे आजही एकच तार सापडते. आकड्यांवर चालणारा ट्यूनर आणि घड्याळ आल्यावर सेटला स्मरणशक्ती आली, आणि ती टिकवायला गाडी बंद असतानाही थोडी वीज लागू लागली. नव्या सेटला दोन तारा आणि जुन्या गाडीत एकच, अशी विजोड गाठ पडते ती इथे.

पिवळी तार ही बॅटरीची कायमची तार. चावी काढून खिशात घातली तरी तिच्यात बारा व्होल्ट असायलाच हवेत. घड्याळ, बसवून ठेवलेली स्टेशने आणि आवाजाची मांडणी तिच्यावर टिकते. मात्र तिला केवळ 'मेमरीची तार' समजून बारीकशी तार जोडणे चुकीचे आहे, कारण बहुतेक सेटमध्ये स्पीकर वाजवणारा सगळा मोठा करंटही तिच्यातूनच येतो. (सेटच्या मागचा फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो.)

लाल तार जोडायची ती चावीच्या करंटला, म्हणजे चावी 'एसीसी'वर (इंजिन चालू न करता रेडिओसारखी उपकरणे चालतात त्या टप्प्यावर) आल्यावर जिवंत होणाऱ्या आणि चावी काढताच मरणाऱ्या तारेला. तिच्यातून करंट अगदी थोडा वाहतो. 'आता जागा हो' आणि 'आता झोप' एवढाच निरोप ती सेटला देते. पिवळी जेवण पुरवते आणि लाल दाराची बेल वाजवते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

दोन्ही तारा कायमच्या करंटला जोडल्या, की बेल अखंड वाजत राहते. इंदिरानगरला राहणारा माझा मावसभाऊ रोज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जातो, त्यामुळे त्याची ८०० आठवडाभर इमारतीखाली उभी असते. स्टिरिओ बसवून घेतल्यानंतर दर शनिवारी गाडीला धक्का मारावा लागू लागला, तेव्हा दोष बॅटरीवर आला आणि बॅटरी नवी घेतली गेली. तीही दोन आठवड्यांत तशीच वागू लागली. दोन्ही तारा एका जॉइंटमध्ये टेप गुंडाळून बसवलेल्या निघाल्या. बटण दाबून पडदा काळा केला तरी लाल तारेत करंट असेपर्यंत काही सेट पुरते झोपत नाहीत. असा अर्धवट जागा सेट समजा ०.२ अँपिअर ओढत असेल, तर दिवसाला ४.८ आणि पाच दिवसांत २४ अँपिअर-तास जातात. छोट्या गाडीची बॅटरी सुमारे ३५ अँपिअर-तासांची असते. नीट झोपलेला सेट काही मिलिअँपिअरवर भागवतो, म्हणजे पाच मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.१२ अँपिअर-तास. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून गारठा शहरात उतरतो तेव्हा हा फरक अधिकच जाणवतो, कारण थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि घट्ट झालेल्या ऑइलमुळे सेल्फला जोरही जास्त लागतो.

उलट चूक म्हणजे दोन्ही तारा चावीच्या करंटला जोडणे. यात बॅटरी सुरक्षित राहते, पण चावी काढली की सेट सगळे विसरतो. घड्याळ पुन्हा शून्यावर आणि आकाशवाणी नाशिक पुन्हा शोधा. स्मृती गेली तर निदान लगेच कळते. न कळणारा त्रास निराळा आहे. पिवळीचा सगळा करंट मग चावीच्या स्विचमधून जाऊ लागतो, आणि वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या स्विचचे झिजलेले संपर्क त्या भाराने तापू शकतात. तारांची अदलाबदल झाली तर लक्षणे याच जातीची दिसतात. काही फोक्सवॅगन गाड्यांमध्ये युरोपीय प्रमाणाच्या कपलरवर, म्हणजे तारांच्या तयार जोडावर, या दोन तारांच्या पिनांच्या जागा मुळातच उलट असतात, म्हणून तिथे कपलर नुसता खटकन बसला यावर समाधान मानू नये.

ओळखण्याची रीत सोपी आहे. मीटरची काळी सळई बॉडीच्या उघड्या धातूला लावावी आणि लाल सळईने गाडीकडच्या तारा तपासाव्यात. चावी काढलेली असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते ती पिवळीची जागा. चावी काढल्यावर शून्य आणि एसीसीवर बारा दाखवते ती लालची. पण इथे दोन तोतये भेटतात. एक तार एसीसीवर मेलेलीच असते आणि चावी पुढे 'ऑन'वर नेल्यावरच जागी होते. तिच्यावर सेट चालेल, पण उभ्या गाडीत गाणी ऐकायची तर इग्निशन चालू ठेवावे लागेल. दुसरी तार डॅशबोर्डच्या दिव्यांची. ती लाल तारेला जोडली गेली, तर रेडिओ फक्त दिवे लावल्यावर वाजतो, आणि संध्याकाळी छान वाजणारा सेट सकाळी का मुका होतो हे कोडे घेऊन लोक दुकानोदुकानी फिरतात. म्हणून तपासताना दिव्यांचा स्विच एकदा लावून आणि एकदा बंद करून पाहावा. मीटरबरोबर टेस्ट लॅम्पही लावून पाहिलेला बरा, कारण गंजलेल्या जॉइंटमधूनही मीटर बारा व्होल्ट दाखवतो, पण अशा तारेवर बल्ब मिणमिणतो. सेल्फ मारताना सेट क्षणभर बंद पडला तर घाबरू नये. बहुतेक गाड्यांत त्या वेळी एसीसीचा करंट तुटतोच.

रंगांवर विसंबून राहणे सर्वांत धोक्याचे. पिवळा कायमचा आणि लाल चावीचा, हा संकेत बाहेरून घेतलेल्या सेटच्या तारांचा आहे. गाडीच्या तारांचे रंग प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. टोयोटाच्या अनेक गाड्यांत कायमची तार निळ्यावर पिवळी रेघ असलेली आणि चावीची तार राखाडी असते, तर नव्या सेटवर राखाडी तार उजव्या बाजूच्या पुढच्या स्पीकरची असते. राखाडीला राखाडी जोडली, की बॅटरीचे बारा व्होल्ट थेट अँप्लिफायरच्या चिपमध्ये शिरतात.

गाडीत कायमची तार सापडलीच नाही, तर पिवळीसाठी बॅटरीच्या प्लसपासून जाड तार स्वतंत्र ओढावी. तिचा फ्यूज डॅशबोर्डपाशी न लावता बॅटरीजवळ, वीतभर अंतरात लावावा. बॉनेटच्या पत्र्यावर घासून तार सोलली गेली, तर बॅटरी आणि फ्यूज यांमधल्या तुकड्याला फ्यूजचे संरक्षण मिळत नाही, म्हणून तो जितका आखूड असेल तितके बरे. लालसाठी सिगारेट लायटरची तार बऱ्याच गाड्यांत चालते, पण काही गाड्यांत तीही कायम जिवंत असते, तेव्हा आधी चावी काढून तिथे मीटर लावावा. जोडण्यापूर्वी बॅटरीचे मायनस टर्मिनल सोडवावे, आणि जॉइंट सोल्डर करून त्यावर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आवळली जाणारी, नळी चढवावी. नुसत्या टेपचा डिंक मे महिन्याच्या उन्हात डॅशबोर्डमागे पाघळून सुटतो.